धुराड्याखालचा दिवा

"अजून अंधारंच शे, भाऊ," खालून तानुबाई म्हणाली.

भटू मिस्त्री स्टुलावर उभा होता. खांद्यापर्यंत त्याचं अंग पत्र्याच्या धुराड्यात गेलं होतं. नाकात काजळी, मानेवर घाम, दातांत धरलेला स्क्रू ड्रायव्हर. तो दातांतून काढून त्याने विचारलं, "अक्का, साठचा बल्ब शे. अजून अंधार?"

"मंग मी काय खोटं बोलस का? पातेलामा काय शे तेबी दिसस नही."

भटूने सुस्कारा सोडला. दीड महिन्यात या एका दिव्यासाठी तो चौथ्यांदा गल्ली नंबर चारमध्ये आला होता.

कांतीलाल शेठचं घर जुनं, लांबट. पुढे ओसरी, मग तीन खोल्या आणि पार मागे स्वयंपाकघर. शेठच्या वडिलांनी वरच्या मजल्यावरच्या बायकांना धुराचा त्रास नको म्हणून चुलीवर हे मोठं धुराडं बसवून घेतलं होतं. धूर जायचा, पण पत्रा इतका खाली आला होता की खोलीतल्या दिव्याची सगळी सावली नेमकी चुलीवर पडायची. घर जैन, त्यामुळे संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत. स्वयंपाक दुपारी चारलाच सुरू व्हायचा, पण पावसाळ्याच्या दिवसांत त्या खोलीत चारलाही दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. अशाच एका दिवशी शेठच्या आईच्या वाटीत, मेथीच्या डाळभाजीत, शिजलेली आळी निघाली. म्हातारीने वाटी बाजूला ठेवली आणि तीन दिवस अन्न घेतलं नाही. आपल्या तोंडी जीव गेला असता, या विचाराने ती माळ घेऊन बसून राहिली.

तानुबाई त्या घरात एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. पारोळ्याच्या लाडवाण्यांतली विधवा, मूलबाळ नाही. ती म्हणाली, चुलीवर उजेड नाही, मी काय करू? शेठाणी तारादेवींना ते पटलं. त्यांनी भटूला बोलावणं पाठवलं.

भटू मूळचा सोनगीरचा, तांबटाच्या घरातला. बापाची हातोडी सोडून तो वायरिंगकडे वळला त्याला वीस वर्षं झाली होती. धुळ्यात त्याचं नाव होतं. भिंतीवर त्याने मारलेली वायरची लाकडी पट्टी ओळंबा लावून बघावी इतकी सरळ असायची. म्हणून हा एवढासा दिवा त्याला फार झोंबत होता. पहिल्यांदा त्याने धुराड्याच्या आत साधा पंचवीसचा बल्ब टांगला. चार दिवसांत त्यावर काजळी बसली. दुसऱ्यांदा चाळीसचा लावून वर इनॅमलची शेड दिली, तर त्याच्याभोवती पाखरं जमून पातेल्यात पडायला लागली. तारादेवींनी त्याच दिवशी तो बंद करायला लावला. मग भटूने डोकं चालवलं. जिनिंगच्या कारखान्यात कापसात ठिणगी पडू नये म्हणून जाड काचेचे बंद दिवे असतात, तसला एक मिळवला. तो धुराड्याच्या पुढच्या काठावर तिरपा बसवला, म्हणजे उजेड बाईच्या डोळ्यांत न जाता थेट पातेल्यात पडेल. धुराडं आतून खरवडून त्याला चांदीसारखा पांढरा रंग दिला. काम झाल्यावर तो स्वतःच दोन पावलं मागे सरून बघत राहिला होता. चूल देव्हाऱ्यासारखी उजळली होती.

आणि आठ दिवसांत पुन्हा निरोप. बाई म्हणतात, दिसत नाही.

"होल्डर ढिला व्हयना व्हई," असं म्हणत भटू स्टुलावरून उतरला. भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं आणि पुन्हा वर चढला. दिव्याची काच काढून त्याने बल्ब पिळून घट्ट केला, काच फडक्याने पुसली, परत लावली. तोवर तानुबाई चुलीपाशी पाटावर बसून तुरीची डाळ निवडत होती.

भटू पुन्हा उतरला. बटणाकडे हात नेता नेता सवयीने विचारून बसला, "आता?"

"हां, आते कसं!" तानुबाई मान वर करून म्हणाली. "आते बठ्ठं दिसस. झकास."

भटूचा हात बटणावर तसाच राहिला. बटण बंद होतं.

त्याने धुराड्याखाली पाहिलं. तिथे अंधार होता. तानुबाईचं तोंड बरोबर दिव्याच्या दिशेने होतं आणि उजेड पाहिल्यावर माणूस हसतो तशी ती हसत होती. तिच्या मांडीवरच्या ताटात डाळीवरून एक सोंडकिडा चालला होता. तिची बोटं त्याच्या बाजूने गेली, खडा शोधून काढला, बाजूला टाकला. किडा चालत राहिला. भटूने वाकून तो अलगद उचलला आणि खिडकीतून बाहेर सोडला.

बोलणं थांबलेलं तिला जाणवलं असावं. बोटंही थांबली.

"भाऊ," तिने हळू आवाजात विचारलं, "दिवा लायेल नही का?"

"नही, अक्का."

तिने ताट मांडीवरून खाली ठेवलं. पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, कोणी परका माणूस खोलीत आल्यासारखा.

"कितला दिन व्हयनात?" भटूने विचारलं.

"दोन दिवाळ्या. पहिले बाजूबाजूनं गयं. आते समोरबी धुकं शे." मग घाईघाईने म्हणाली, "पन फुलका माले वाफवरथीन समजस. फोडणी आवाजवरथीन समजस. मीठ कधी चुकनं नही मनं, विचार कोणलेबी. फक्त ती आळी..." ती थांबली. "बाईसना घरमा मना हातथीन पाप व्हयनं. मी झोपू शकनू नही, भाऊ. म्हनीसन म्हनत व्हतू, उजेड वाढावा, उजेड वाढावा. वाटे, कितला तरी उजेडमा दिसीच."

भटूने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला.

"कोणले सांगू नको," ती म्हणाली. तिने हात पुढे केला, तो त्याच्या हाताला न लागता स्टुलाच्या पायाला लागला. तोच तिने घट्ट धरला. "आठेन काढं ते पारोळाले पुतण्याना घर जानं पडी. तठे माले कोणी चुलाजोडे बसू देवाव नही. डाळ मी शेजारनी कलाबाईकडथीन निवडी लिसू. भाजी निवडी लिसू. पुन्हा अशी चूक व्हवाव नही."

"कोणले सांगाव नही, अक्का," भटू म्हणाला. "मनी आण शे."

हे बोलताना त्याच्या मनात खोट नव्हती. पुढे कितीतरी वर्षं त्याने स्वतःला तेवढं एक सांगून पाहिलं.

ओसरीवर कांतीलाल शेठ गादीवर बसले होते. समोर देवपुरात बांधून होत आलेल्या नव्या बंगल्याचा नकाशा उलगडून ठेवलेला होता, चारही कोपऱ्यांवर वजनं. शेजारी मुनीम मोहनलाल. बंगल्याचं सगळं वायरिंग भटूकडे जायचं जवळजवळ ठरलं होतं. इतकं मोठं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं. बायकोला, लिलाबाईला, त्याचं ते दोनदा सांगून झालं होतं.

"झाला का हो दिवा?" शेठनी विचारलं.

"झाला, शेठ."

आतून तारादेवी आल्या. "काय झाला? मागच्या वेळीही झाला म्हणालात. चौथी खेप आहे, मिस्त्री. एक चुलीवरचा दिवा तुम्हाला नीट बसवता येत नाही? सासूबाई अजून भाजीला हात लावत नाहीत. ताटात वाढलं की आधी बोटाने चाचपतात. मला लाज वाटते त्यांच्यासमोर."

"भाभी, दिवा चांगला आहे."

"चांगला आहे तर तानुबाईला दिसत का नाही?"

भटू फडक्याने हातावरची काजळी पुसत राहिला.

शेठ तसे मऊ स्वभावाचे. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त एक वजन उचललं, मग दुसरं, आणि नकाशाची गुंडाळी करायला लागले. "असू द्या, मिस्त्री. होतं असं. बंगल्याचं मोहनलालजी म्हणत होते, जळगावचा एक माणूस आहे. त्याला एकदा विचारून बघू."

"वीस वर्षं काम करतोय मी, शेठ," भटू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"हो, पण हा दिवा..." मुनीम म्हणाले.

"दिव्यात खोट नाही!" भटू एकदम बोलला. "बाईंनाच दिसत नाही. आत्ता मी बटण बंद केलं होतं. पूर्ण अंधार. तर त्या म्हणाल्या, आता सगळं दिसतंय, झकास!"

मग मुनीम मोहनलाल खो खो हसले. "अंधारात झकास? वा!" शेठनाही हसू आवरलं नाही. आणि भटूही हसला. छातीवरचं ओझं उतरलं, आपल्यावरचा आळ गेला, म्हणून तो हसला. मोठ्याने.

तारादेवी हसल्या नाहीत. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"एकोणीस वर्षं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग भटूकडे वळल्या. "तुमचं नाव मी काढणार नाही, मिस्त्री. मीच पाहिलं असं सांगेन. तिला तेवढं तरी बरं वाटेल."

शेठनी नकाशा पुन्हा पसरला. "हं, बघा. इथे जिना. दोन्हीकडून लागणारा दिवा पाहिजे."

भटू गुडघ्यावर बसून नकाशा बघू लागला. मागच्या खोलीतून फोडणीचा आवाज आला, हिंगाचा वास आला. त्याने मान वर केली नाही.

आठवड्याने बंगल्याच्या किल्ल्या घ्यायला तो गल्ली नंबर चारमध्ये गेला. मागच्या दाराने आत डोकावला तर चुलीपाशी राजस्थानातून आणलेला एक तरुण महाराज बसला होता. हात पुसत तो म्हणाला, "लाईट बहुत बढ़िया लगाई है, मिस्त्रीजी."

भटूने तानुबाईचं विचारलं. सोमवारीच पारोळ्याला पोचवली, महाराज म्हणाला. शेठाणीने नवं लुगडं दिलं, धान्य दिलं, माणूस बरोबर दिला. जाताना तानुबाईंनी चुलीला हळदकुंकू वाहिलं. विस्तव कुठे आहे ते हाताने चाचपून.

किल्ल्या घेऊन भटू निघाला. त्या दिवसापासून बंगल्याचं काम त्याने असं केलं की बघणाऱ्याने बोट तोंडात घालावं. एक पट्टी वाकडी नाही. लिलाबाई म्हणायची, "इतलं मोठं काम भेटनं, नि तुम्ही जेवतस बी धड नही." तो काही सांगायचा नाही. भाकरीत एखादा काळा कण दिसला की तो बोटाने बाजूला करायचा आणि घास तसाच हातात राहायचा. पारोळ्याला जाऊन यावं असं त्याला पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं. धुळ्याहून गाडीने तासाभराचा रस्ता. पण गाडीत बसायला तो निघाला की पायात काहीतरी अडकायचं. तिथे जाऊन काय सांगणार? पुढच्या रविवारी जाऊ. मग पुढच्या. असे सहा महिने गेले.

बंगल्याची वास्तुशांत झाली. शेठनी चारचौघांत त्याला नारळ दिला, कामाची तारीफ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पारोळ्याच्या गाडीत बसला.

किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत घर सापडलं. तानुबाई ओट्यावर बसली होती. अंगावर धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. कोणी हाल करत होतं असं दिसलं नाही. पण दोन्ही हात मांडीवर नुसते पडलेले होते, आणि ते तसे पडलेले भटूने कधी पाहिले नव्हते.

"अक्का, बरी शे ना?"

"कोण? भटू मिस्त्री?" तिचं तोंड फुललं. "आवाजवरथीन वळखं मी! ये, बस. ओ सून, चहा ठेव. धुयाना माणूस उना शे."

तिने सगळ्यांची विचारपूस केली. शेठाणीची, म्हाताऱ्या आईची, नव्या महाराजाची. मग जरा पुढे सरून म्हणाली, "बाईनी सोता देखं माले. डाळ निवडतांना. काय करती बिचारी? त्याना धरमनी गोट शे ती. माले राग नही. पन तू, भाऊ..." तिने हात उचलला, हवेत त्याचा खांदा शोधला आणि त्यावर ठेवला. "तू शब्द पाळा. मी आठे बठ्ठासले सांगस. धुयाले एक मिस्त्री व्हता, सोतावर आळ लिधा, पन मनं नाव काढं नही."

खांद्यावरचा तो हात हलका होता. भटूला तो झटकता येईना की धरता येईना.

"अक्का, एक गोट सांगनी व्हती माले..."

"सांग ना."

सून चहाचे कप घेऊन बाहेर आली. भटूने कप घेतला. चहा उकळता होता तरी तो एका दमात प्यायला.

"धुयाले डोळाना डॉक्टर शे," तो म्हणाला. "पाचकंदीलजोडे. तुले दखाडी आणू. चाल."

त्याच दुपारी तो तिला घेऊन धुळ्याला आला. डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत बसवून बॅटरीने बराच वेळ तपासलं. मग तिला बाहेरच्या बाकावर बसवून भटूला आत घेतलं.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "गेलेली नजर यात परत येत नाही. कोण तुम्ही त्यांचे?"

भटूने उलट विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं."

"सहा महिन्यांपूर्वी?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. "थोडं फार टिकवता आलं असतं. दिवसाचा उजेड कुठे आहे, माणूस कुठे उभा आहे, एवढं तरी दिसलं असतं. आता तेही राहिलं नाही."

बाहेर येऊन भटू तिच्या शेजारी बसला. ती म्हणाली, "काय म्हने डॉक्टर? खरं सांग."

"परत येवाव नही, अक्का."

तिने पदर खांद्यावर सारखा केला. रस्त्यावरून टांगे चालले होते. मग म्हणाली, "बरं व्हयनं. आते वाट देखानी नही." आणि उठून उभी राहिली. "भाजीबाजारवरथीन लई चाल माले. भरीतना वांगा लेसू. पारोळाले असा भेटतस नही."

बाजारात ती वांग्यांच्या ढिगापुढे उकिडवी बसली. एकेक वांगं हातात घेऊन वजन बघितलं, अंगठ्याने दाबलं, देठाशी बोट फिरवलं. भटूने एक चांगलं गुळगुळीत वांगं तिच्या हातात दिलं. तिने ते चाचपून परत ठेवलं. "कीड शे यामा. आठे देख, भोक." भटूने पाहिलं. देठाच्या कडेला टाचणीएवढं भोक होतं.

"वांगाना भोक बोटले लागस," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "मेथीमानी आळी लागस नही. पाल्यासारखीच मऊ ऱ्हास ती. मी त्या दिन तीनदा निवडेल व्हती मेथी, भाऊ. तीनदा."

"अक्का," भटू म्हणाला, "त्या दिन ओसरीवर..."

"चाल, गाडी चुकी," ती म्हणाली आणि त्याचं कोपर धरून उठली. तिने ऐकलं की नाही, ऐकून टाळलं की काय, ते त्याला कधीच कळलं नाही.

स्टँडवर जळगाव गाडी लागलेली होती. भटूने तिला आत नेऊन खिडकीशी बसवलं. वांग्यांची पिशवी तिच्या मांडीवर दिली. कंडक्टरला सांगितलं, पारोळ्याला हात धरून उतरवा, पुतण्या घ्यायला येईल. मग खाली उतरून तो तिच्या खिडकीखाली उभा राहिला. आता सांगू, असं त्याने ठरवलं. गाडी हलायच्या आत. चार शब्दांचं तर काम आहे.

"अक्का," त्याने हाक मारली.

"हां, शे ना मी आठे," ती खिडकीतून म्हणाली.

"पिशवी नीट धर," एवढंच त्याने सांगितलं. एवढ्यात मागून हमाल ओरडला, "बाजू, बाजू!" पाठीवर मिरच्यांचं पोतं घेऊन तो टपावर चढायच्या शिडीकडे येत होता. भटू दोन पावलं बाजूला झाला. वर कोणीतरी थांब म्हणालं, म्हणून हमाल पोतं तसंच पाठीवर धरून नेमका तिच्या खिडकीखाली उभा राहिला.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. तानुबाईने घाईने दोन्ही हात खिडकीबाहेर काढले आणि जोडले.

"मी येस, भाऊ," ती त्या हमालाला म्हणाली. "तुना उपकार ह्या जल्ममा फिटावत नही."

हमाल गोंधळला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. भटूकडेही पाहिलं. भटू पुढे आला नाही. तो होता तिथेच, दोन पावलांवर, हात खाली सोडून उभा राहिला.

मग हमालाने पोत्यावरचा एक हात मोकळा केला, तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "सांभाळीसन जा, माय."

गाडी हलली. फाटकाबाहेर पडून ती वळेपर्यंत खिडकीतले हात तसेच जोडलेले होते.